चोवीस तास चिखलणी

हौशी आणि व्यावसायिक यांच्यात फरक काय, असं कोणी विचारलं की मी दोन शर्यतींची हकिगत सांगतो. पहिली २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली. पुरुषांची माउंटन बाइक शर्यत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने १ तास २६ मिनिटांत जिंकली. मध्येच त्याचं चाक पंक्चर झालं, मेकॅनिकने ते बदलून दिलं आणि पठ्ठ्या पुन्हा सगळ्यांना गाठून सुवर्णपदक घेऊन गेला. जुलै महिना, लख्ख ऊन, कोरडी वाट. दुसरी शर्यत स्कॉटलंडच्या हायलँड भागातली, स्ट्रॅथपफर नावाची. ती भरते जानेवारीत, चालते चोवीस तास आणि त्यातले सतरा तास मिट्ट काळोख असतो. इथे पंक्चर झालं तर मेकॅनिक आपणच, आणि हात मात्र आपले राहिलेले नसतात. तात्पर्य, ज्याला सायकल चालवायचे पैसे मिळतात तो दीड तासात आंघोळीला मोकळा. ज्याने पदरचे पैसे भरलेत तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चिखलात.

हे काही अजाणता घडलेलं नाही. २०२३ साली सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच स्कॉटलंडमध्ये झाली, तेव्हा महिना निवडला होता ऑगस्ट. म्हणजे या देशात सायकल केव्हा चालवावी हे इथल्या लोकांना नीट ठाऊक आहे. जानेवारी त्यांनी हौशी मंडळींसाठी राखून ठेवलाय.

शर्यत होते ती इन्व्हरनेसच्या वायव्येला, कॉन्टिन गावाजवळच्या जंगलात. शेजारचं गाव स्ट्रॅथपेफर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात या गावाची ख्याती होती गंधकाच्या झऱ्यांसाठी. प्रकृती सुधारावी म्हणून दूरदूरची खाऊनपिऊन सुखी माणसं इथे येत, सडक्या अंड्यासारखा वास मारणारं पाणी पेलेच्या पेले रिचवत आणि वर त्याचे पैसे मोजत. पैसे देऊन हाल विकत घ्यायची परंपरा इथे अशी जुनी आहे. आम्ही ती झऱ्यापासून जंगलापर्यंत नेली, एवढंच.

मी तिथे पोचलो तो ॲबर्डीनच्या आमच्या ऑफिसमुळे. चौघांची टीम, आळीपाळीने एकेकाने फेरी मारायची, असा एक प्रकार या शर्यतीत असतो. तिघं तयार होते, चौथ्याचा गुडघा आयत्या वेळी रुसला. गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं आणि गोड बोलणारे स्कॉटिश सहकारी, या दोघांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. शिवाय विचारलं होतं सप्टेंबरात, बाहेर ऊन पडलेलं असताना. हे लोक सगळे अवघड प्रश्न सप्टेंबरात विचारून घेतात.

मुळात या खेळाच्या जन्मपत्रिकेत चिखल नव्हता. १९७६ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, फेअरफॅक्स गावाजवळ, काही केसाळ तरुणांनी डोंगरावरून खाली यायची शर्यत लावली. सायकली होत्या तीसचाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागणाऱ्या. उतरताना ब्रेक इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर नव्याने ग्रीस भरावं लागायचं. सायकली वर न्यायला पुष्कळदा ट्रक असायचा. कॅलिफोर्नियाचं ऊन, उताराची वाट, चढायला ट्रक! असा हा देवाने दिलेला खेळ. पुढे १९९६ मध्ये तो ऑलिम्पिकमध्ये गेला आणि कुठेतरी वाटेत ट्रक गळाला. ऊन गळायचं राहिलं होतं, ते काम स्कॉटलंडने केलं.

अर्थात स्कॉटिश माणसाला या बाबतीत बोलायची सोय नाही. पायडलची पहिली सायकल १८३९ च्या सुमारास आमच्याच एका लोहाराने बनवली, असा त्यांचा दावा आहे. इतिहासकार त्यावर नाकं मुरडतात, पण चहाच्या टेबलावर इतिहासकारांना कोण विचारतो? हवेच्या टायरचं पेटंट १८८८ मध्ये घेणारा जॉन डनलॉप मूळचा स्कॉटिश, पेशाने जनावरांचा डॉक्टर. पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट १८२३ मध्ये घेणारा चार्ल्स मॅकिन्टॉश ग्लासगोचा. सायकल यांची, टायर यांचा, रेनकोट यांचा. मग पाऊस कोणाचा, हे विचारायची गरजच उरत नाही.

शर्यतीआधीचे काही आठवडे टायर या एकाच विषयावर निघतात. गोठलं तर खिळ्यांचे टायर लागतात. त्यात पोलादाचे बारीक खिळे असतात आणि ते बर्फावर पकड घेतात. वितळलं तर चिखलाचे टायर. हे जरा अरुंद, गुट्ट्या उंच आणि विरळ, म्हणजे गुट्ट्यांमधला चिखल फिरता फिरता झडून जातो. थंडी मध्येच कुठेतरी रेंगाळली, तर दोन्ही घ्यायचे आणि एक जोड गाडीत ठेवायचा. मग हवा किती भरायची यावर वाद. कमी भरली तर पकड चांगली, पण दगडावर रिम आपटते. जास्त भरली तर रिम वाचते, आपण आपटतो. आमच्या टीमच्या कॅप्टनने यासाठी एक वेगळा हवामापक आणला होता, दशांशापर्यंत आकडा दाखवणारा. ज्या माणसाचं वजन डिसेंबरच्या मेजवान्यांत कित्येक किलोंनी इकडचं तिकडं होतं, तो टायरमधली हवा दशांशात मोजत होता. हौस म्हणतात ती ही.

सायकलचं वजन हाही असाच नाजूक विषय. लोक शंभर ग्रॅम वाचवायला शंभर पौंड घालवतात. कार्बनचं हँडल, टायटॅनियमचे बोल्ट. मग पहिल्याच फेरीत त्या सायकलला इतका चिखल चिकटतो की ती उचलायला दोघं लागतात. चिखलाला कार्बन आणि लोखंड यांतला फरक कळत नाही. या जगात खरा समाजवाद त्याच्याइतका कोणी आणलेला नाही.

शनिवारी सकाळी जंगलातल्या कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक अख्खं गाव उभं असतं. तंबू, छत्र्या, व्हॅन, गॅसच्या शेगड्या, लोखंडी पिंपात पेटवलेली लाकडं, दोरीवर वाळत टाकलेले, कधीच न वाळणारे मोजे. सुरुवात होते धावण्याने. सायकली एकीकडे ठेवलेल्या, स्पर्धक दुसरीकडे. इशारा झाला की धावत जाऊन आपापली सायकल गाठायची. सायकल चालवता येत नाही हे उघडकीला येण्याआधी धावताही येत नाही हे जाहीर करण्याची ही व्यवस्था मला फार पारदर्शक वाटली. आमच्यातर्फे पहिली फेरी कॅप्टनची होती. तो धावला. त्याच्याविषयी याहून जास्त लिहिणं मैत्रीला धरून होणार नाही.

वाट सांगतो. आधी जंगलाच्या रस्त्याने लांबलचक चढ. इथे घाम येतो. मग वर उघड्यावर वारा, तिथे तो घाम गार होतो. पुढे दगडांच्या लाद्या, झाडांची मुळं आणि त्यांच्यामधून वळवळत खाली येणारी हातभर रुंदीची पायवाट. आणि या सगळ्यावर चिखल. बाहेरच्या माणसाला वाटतं चिखल एकच. तसं नाही. चढावरचा चिखल पातळ असतो, तो मागच्या चाकावरून उडून थेट पाठीच्या कण्यावर येतो आणि तिथून विजारीत उतरतो. सपाटीवरचा चिखल म्हणजे पीट. शेकडो वर्षांचा कुजलेला पाला आणि शेवाळ यांचा काळाभोर थर. तो चाक धरून ठेवतो, सोडत नाही. माणूस पायडल मारत राहतो, सायकल विचार करत राहते. आणि उतारावरचा चिखल वाळूमिश्रित. तो दिसायला सर्वांत सभ्य आणि सर्वांत महागडा, कारण तो ब्रेक खातो.

हे ब्रेक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. डिस्क ब्रेकमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंना नखाएवढे पॅड असतात. मऊ जातीचे पॅड कोरड्यात फार छान, आवाज नाही की काही नाही. पण ओल्या वाळूत ते एका रात्रीत झिजून मागचा पत्रा उघडा पडतो. धातूमिश्रित पॅड टिकतात, पण किंचाळतात. रात्री दोनच्या सुमाराला त्या जंगलातून शे-दोनशे सायकली उतरत असताना आवाज ऐकून शर्यत कोणत्या टप्प्यात आहे ते सांगता येतं. किंचाळणं चालू असेल तर पॅड शिल्लक आहेत. अचानक शांतता झाली, की बाजूला व्हावं. कोणीतरी नुसत्याच श्रद्धेवर खाली येतंय.

थंडीचंही एक शास्त्र आहे. उणे पाच अंश परवडले, असं इथले जुनेजाणते सांगतात. जमीन कडक राहते, कपडे कोरडे राहतात. खरा वैरी म्हणजे दोन अंश आणि पाऊस. ओल्या कपड्यांतून अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी भराभर निघून जाते. आमच्या वाट्याला हे दोन अंश आले. पहिल्यांदा बोटं दुखतात. मग दुखायची थांबतात आणि आपल्याला बरं वाटतं. ते वाटू द्यायचं नसतं, कारण थांबलेलं दुखणं व्याजासकट परत येतं. तंबूत येऊन हातमोजे काढले आणि शेगडीजवळ बसलो की आकसलेल्या रक्तवाहिन्या उघडतात, बोटांत रक्त परततं आणि त्या वेळच्या कळा अशा असतात, की आयुष्यात कधीही शिवी न दिलेला माणूस मायबोलीची संपत्ती दोन्ही हातांनी उधळतो. मी मराठीत उधळली. शेजारच्या तंबूतल्या बाईंना ती प्रार्थना वाटली. त्यांनी माझ्यासाठी सूप आणून दिलं.

या लोकांचा सभ्यपणा हा वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे. मी चढावर सायकल ढकलत असताना मागून दिवा यायचा आणि पाठोपाठ आवाज, “उजवीकडून येतोय बरं का, काही घाई नाही, तुम्हाला जमेल तसं!” घाई नाही? शर्यत चालू आहे ना? ज्याने आयुष्यातली वीस वर्षं पुण्याच्या लक्ष्मी रोडवर सायकल चालवली, त्याला मागून हॉर्न नाही, “ओ काका, झोपलात काय?” नाही, म्हणजे काहीतरी अशुभ घडणार असं वाटतं. बरं, बाजूला झाल्यावर पुन्हा “धन्यवाद, छान चाललंय तुमचं!” छान? मी सायकल खांद्यावर घेऊन उभा होतो!

या शर्यतीत माणसांच्या जाती पाहायला मिळतात. एक जात शाळकरी मुलांची. दहा-दहा जणांच्या टीम असतात त्यांच्या. ही पोरं एकेक फेरी मारतात, सुसाट जातात, पडतात, उठतात, हसतात आणि तंबूत जाऊन चॉकलेट खातात. त्यांच्याकडे न पाहिलेलं बरं. दुसरी जात एका गिअरवाल्यांची. बाजारात बारा गिअरची चक्रं मिळत असताना हे मुद्दाम एकच ठेवतात. चिखलात बिघडायला काही नको, हा त्यांचा युक्तिवाद. तो बरोबर आहे, आणि ते तो न विचारता ऐकवतात. तिसरी जात एकांड्यांची. हे चोवीस तास एकटेच फिरतात. टीम नाही, पाळी नाही, झोप नाही. त्यांना ओलांडायची वेळ माझ्यावर आली नाही, पण पहाटे पाचच्या सुमाराला एक जण माझ्या शेजारून चढाला जात होता आणि झाडाशी काहीतरी बोलत होता. मी चौकशी केली तर म्हणाला, सगळं ठीक आहे. झाडाला विचारायचं राहिलं.

पण या सगळ्यांच्या वर एक जात आहे, आणि ती सायकल चालवतच नाही. वळणावळणावर उभे असलेले स्वयंसेवक. रात्रभर पावसात, हातात दिवा, समोर एक पेटलेलं पिंप. कोणी पडलं तर उचलायचं, रस्ता दाखवायचा आणि येणाऱ्या प्रत्येक चिखलाच्या गोळ्याला “शाब्बास!” म्हणायचं. आम्ही निदान हलत होतो, अंगात ऊब होती. आणि नंतर मिरवायला आमच्याकडे फेऱ्या होत्या. यांच्याकडे काय होतं? फ्लास्कमधला चहा. तोही ते आम्हाला पाजत होते.

खाण्याची बाब निघालीच आहे तर सांगतो. सायकलवाले जेल नावाचा एक चिकट पदार्थ पुडीतून पिळून खातात. थंडीत तो घट्ट होतो, पुडीतून बाहेर यायला नकार देतो आणि बधिर बोटांनी पुडी फाडायची तर ती दाढेने फाडावी लागते, म्हणजे चवीला आधी चिखल, मग जेल. मी लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की नेली होती. गूळ आणि शेंगदाणे, आणखी काय पाहिजे? त्या हवेत तीही दगड झाली. पण खिशात फुटून तिचे तुकडे झाले ते आपोआप घासाएवढे, ही आपल्या खाद्यसंस्कृतीची दूरदृष्टी. रात्री घरून आणलेली मुगाची खिचडी थर्मासमधून काढली आणि वर तूप घातलं, तेव्हा कॅप्टनने टायरच्या हवेविषयी बोलणं बंद केलं. चोवीस तासांत तो गप्प झाला ते तेवढंच.

पावणेनऊच्या सुमाराला उजाडलं. उजाडलं म्हणजे काळ्याचं करडं झालं. दहा वाजता शर्यत संपली. निकालाचा कागद लागला, आमची टीम त्यात होती. कितव्या ओळीवर, हे विचारणारा माणूस ही शर्यत समजलेला नाही.

खरी शर्यत त्यानंतर सुरू होते, आणि तिला पंच घरचे असतात. आधी सायकल धुवायच्या रांगेत पाऊण तास. मग घरी. बायकोने दार उघडलं, मला वरून खाली पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “वॉशिंग मशीनला हात लावायचा नाहीस.” कपडे अंगणात, नळीच्या पाण्याखाली, दोन अंशांत. पीटचा रंग काही केल्या सुटत नाही. त्यानंतर न्हाणीघर. तिथल्या टबाचं पाणी जाणारं भोक बुजलं, ते मी मोकळं केलं, आणि त्यातून निघालेल्या ऐवजात एक अख्खी पाइनची काडी होती. ती माझ्या अंगावर नेमकी कुठून आली, हे कोडं आम्ही दोघांनीही पुढे नेलं नाही.

संध्याकाळी भोरला व्हिडिओ कॉल लावला. आमची भाताची खाचरं आहेत. आईने आयुष्यभर आषाढात, डोक्यावर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून लावणी केली आहे. मी फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

“चिखलणी चांगली झालीये,” ती म्हणाली. “रोपं कुठायत?”

“अगं, रोपं नाहीत. शर्यत होती.”

“मग एवढी माती कशाला तुडवलीत?”

“हौस.”

“पैसे किती मिळाले?”

“मिळाले नाहीत गं, भरले.”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “पुढल्या आषाढात इकडं या चौघं. मी नाही घेणार पैसे.”

हौसेला मोल नाही, असं आपल्याकडे म्हणतात. हे साफ चूक आहे. हौसेला मोल आहे आणि ते प्रवेशशुल्क, टायरचे दोन जोड, ब्रेकचे पॅड, झिजलेली चेन आणि बुजलेलं न्हाणीघर अशा बाबींखाली लिहून काढता येतं. मोल नाही ते रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला चहा पाजणाऱ्यांना. व्यावसायिक खेळाडूंकडे सगळं असतं, पण असा चहा त्यांना मिळत नाही, कारण दीड तासात चहाची वेळच येत नाही. एवढ्या एका मुद्द्यावर मी हौशींच्या बाजूने मत देतो.

तेव्हा वाचकहो, तुम्हालाही कोणी सप्टेंबरातल्या उन्हात, गोड बोलून, चौथा भिडू म्हणून विचारलं तर खुशाल हो म्हणा. हातमोज्यांचे चार जोड घ्या, ब्रेकचे पॅड धातूमिश्रित घ्या, खिचडीवर तूप विसरू नका. आणि काहीही झालं तरी पांढरी सायकल विकत घेऊ नका.